सासऱ्यांची सायकल मोडीत घालू नका

निफाड तालुक्यातील एका ताईंचे पत्र मागच्या आठवड्यात आले. वहीच्या कागदावर लिहिलेले, दोन्ही बाजूंनी भरलेले, आणि त्यात द्राक्षाचा किंवा कांद्याचा एकही प्रश्न नाही. त्या लिहितात, "सासरे गेल्या वर्षी वारले. त्यांची काळी ॲटलास सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. भंगारवाला पाचशे रुपये देतो म्हणतो. मालक म्हणतात देऊन टाकू, जागा मोकळी होईल. मुलगी जूनपासून आठवीला जाईल. हायस्कूल पाच किलोमीटर लांब आहे, शाळेच्या वेळेला एस.टी. नाही. नवी सायकल घेण्याइतके पैसे या वर्षी कांद्याने हातात ठेवले नाहीत. आमची ही सायकल मुलीच्या उपयोगाची होईल का?"

ताई, पत्र वाचले त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. भंगारवाल्याला सांगा, पुढच्या वेळी ये. सायकल मोडीत घालायची की नाही हे तिच्याकडे पाहून ठरवायचे असते, तिच्यावर साचलेली धूळ पाहून नव्हे. कशी पाहायची ते सांगतो.

आधी सायकल अंगणात उन्हात आणा आणि ओल्या फडक्याने पुसून काढा. मग हँडलखालच्या उभ्या नळीपाशी, म्हणजे जिथे पुढचा चिमटा फ्रेमला मिळतो तिथे, नीट निरखून पाहा. तिथल्या आडव्या नळीच्या किंवा खालच्या तिरक्या नळीच्या पोटाला फुगवटा, सुरकुती किंवा रंगात बारीक भेग दिसली, तर सायकल कधी तरी समोरून जोरात आदळली आहे असे समजा. भेग असेल तर मात्र भंगारवाल्याचे पाचशे घ्या. तिथे तुटलेली फ्रेम माणसाला तोंडावर पाडते. गंज वरवरचा असेल तर त्याची भीती नाही. पान्याने नळीवर हलकेच वाजवून पाहा. खणखणीत वाजली तर आत पोलाद शाबूत आहे, भद् वाजली तर आतून खाल्ली आहे.

फ्रेम सरळ आहे का हे पाहायला आपल्याकडे रोपलावणीची दोरी असतेच. बारीक सुतळी मागच्या चाकाच्या एका बाजूच्या आसापाशी बांधा, ती पुढे हँडलच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या बाजूने मागे आसापर्यंत आणा आणि ताणा. आता सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचे अंतर मोजा. सारखे भरले तर फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक असेल तर जाणत्या कारागिराकडे न्या. पोलादाची फ्रेम थंडपणीच दाबून सरळ होते. पोलाद आधी वाकते, मग पुष्कळ वेळाने तुटते, आणि वाकले की डोळ्याला दिसते. या एका गुणासाठी मी या जुन्या सायकलींची बाजू घेतो.

दुसरा गुण सांध्याचा आहे. या फ्रेमच्या नळ्या एकमेकींना नुसत्या चिकटवलेल्या नसतात, त्या ओतीव खोबणीत बसवून पितळेने झाळलेल्या असतात. एखादा सांधा सुटला तर गॅसवर पितळ वितळवून तो पुन्हा झाळता येतो. मात्र विजेच्या वेल्डिंगला देऊ नका. नांगराचा फाळ जोडणारा तोच माणूस तुमची पातळ नळी जाळून भोक पाडील.

सुट्या भागांची काळजी करू नका. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद झाला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. त्याआधी 1980 मध्ये मुंबईची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन कंपन्या सरकारला कायदा करून ताब्यात घ्याव्या लागल्या होत्या, पुढे त्याही राहिल्या नाहीत. कंपन्या गेल्या तरी सायकल गेली नाही. कारण हिंद, ॲटलास, हिरो, हर्क्युलस, एव्हन, सगळ्यांनी एकाच जुन्या इंग्रजी सायकलीचा साचा गिरवला. एकीचे चाक बहुधा दुसरीला बसते, एकीचा आस दुसरीला चालतो. लुधियान्याहून येणारे छर्रे, कोन आणि चेन आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात.

आता मुख्य प्रश्न, मुलीच्या उपयोगाची होईल का? इथे मला जरा घरचे सांगावे लागेल.

माझ्या वडिलांनी 1966 साली कांदा विकून हर्क्युलस घेतली. तिच्यावर ते दूध घालत, खत आणत, आणि आम्हा दोघा भावंडांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडत. मी सातवी झालो तेव्हा हायस्कूल सहा किलोमीटरवर होते. वडिलांनी सायकल मला दिली. दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत मी महिनाभर पडलो, गुडघे फोडले, आणि शिकलो. दोन वर्षांनी धाकटी बहीण सातवी झाली. ती माझ्यापेक्षा हुशार, गणितात तर फारच. वडील म्हणाले, दांडीच्या सायकलवर मुलीची जात बसत नाही. मी तेव्हा नववीत होतो, तिला मागे कॅरिअरवर बसवून नेऊ शकत होतो. पण मित्र हसतील म्हणून गप्प बसलो. तिची शाळा सुटली. पुढे मी राहुरीला जाऊन बी.एस्सी. झालो. तिने कधी बोलून दाखवले नाही. दोन वर्षांपूर्वी मी ती सायकल दुरुस्त करून घरी आणली तेव्हा ती माहेरी आली होती. सायकलभोवती एक चक्कर मारली, घंटी वाजवून पाहिली आणि स्वयंपाकघरात गेली.

म्हणून सांगतो, दांडीचा बाऊ करू नका. प्रश्न उंचीचा आहे. मुलीला सायकलवर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी करा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले आणि दांडी व शरीर यांत दोन-तीन बोटे मोकळी राहिली, तर सायकल तिला होते. या सायकलींच्या फ्रेम मोठ्या माणसासाठी बहुधा 22 किंवा 24 इंची असतात. 24 इंचीला उंची जास्त लागते, 22 इंचीला त्या मानाने कमी. होत नसेल तर वेल्डर म्हणेल की दांडी कापून खाली जोडून देतो. अजिबात ऐकू नका. ती दांडीच फ्रेमचा आढा आहे. आढा काढलेल्या घराचे जे होते तेच तिचे होईल. त्यापेक्षा जुन्या बाजारात बिनदांडीची लेडीज फ्रेम शोधा आणि तुमच्या सायकलीची चाके, हँडल, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळे तिच्यावर चढवा. माप जुळते. मी अशा दोन बांधून घेतल्या आहेत.

मुख्याध्यापकांनाही एक गोष्ट विचारून ठेवा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाखाली ठरावीक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. तुमचे गाव व शाळा त्यात बसते का ते तेच सांगतील. बसत असेल तर उत्तमच. तरीही घरची सायकल उभी करा, ती दुधाला होईल.

आता उभारणी. आपल्याकडे कारागीर याला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. मूळ शब्द काही का असेना, काम तेच आहे. सगळे सोडवायचे, धुवायचे, झिजलेले बदलायचे आणि ग्रीस भरून परत जोडायचे. पूर्वी रॉकेलात धुवायचो, आता ते मिळत नाही, डिझेल घ्या. छर्रे मोजून वाटीत ठेवा, आणि एकाला जरी डाग पडलेला दिसला तरी त्या वाटीतले सगळे बदला. बैलजोडीत एक बैल लंगडा असला की दुसऱ्यावर भार येतो, तसेच छर्ऱ्यांचे असते. कोन आवळताना चाक मोकळे फिरले पाहिजे, पण रिम धरून हलवली तर खडखड लागता कामा नये. हे दोन्ही एकाच वेळी साधायला कारागिरालाही तीन-चारदा सैल-घट्ट करावे लागते. पहिल्याच झटक्यात "झालं" म्हणणाऱ्याकडून पुन्हा करून घ्या.

डावे पेडल काढताना आमच्या गावातल्या पोरांनी निम्म्या सायकलींचे आटे घालवले आहेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या नटाला ज्या दिशेने आवळतो त्या दिशेने फिरवले की ते सुटते. मागच्या चाकाला 40 आरे असतात आणि पुढच्याला 32, कारण ओझे मागे असते. एकही आरा तुटका ठेवू नका. एक तुटला की शेजारच्यांवर ताण येतो आणि महिनाभरात तीन तुटतात. आरे बदलले की चाकाचा आउट काढून घ्या.

सीटची नळी बहुतेक जुन्या सायकलींत गंजून अडकलेली असते. हातोडा मारू नका. फटीत डिझेल सोडा, तीन-चार दिवस रोज थोडे थोडे, मग सीट धरून डावी-उजवीकडे फिरवा. निघाली की ग्रीस लावून परत बसवा. उंची अशी ठेवा की सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली तर पाय सरळ होईल. गावातली निम्मी माणसे सीट खूप खाली ठेवून चालवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलीला नावे ठेवतात.

चढाच्या गावांसाठी एक स्वस्त सुधारणा आहे. या सायकलींना पुढे बहुधा 44 दाते आणि मागे फ्रीव्हीलला 18 दाते असतात. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर ती साडेचार मीटर जाईल, म्हणजे सपाटीला थोडी हळू, पण चढाला आणि ओझ्याला बरीच हलकी. चेनला थोडी लांबी वाढवावी लागते. गिअरच्या नव्या सायकलींचा हेवा करणाऱ्या पोरांना मी हे आधी करून दाखवतो. चेनला इंजिनचे जळके ऑइल मात्र लावू नका. त्यातली काजळी आणि रस्त्याची धूळ मिळून दाते घासून काढतात.

दोन टायर, दोन ट्यूब, चेन, फ्रीव्हील, छर्रे-कोन, ब्रेकचे रबर आणि मजुरी धरून माझा खर्च अडीच हजारांच्या आसपास गेला. कारागीर गावातलाच होता आणि घाई नव्हती. तुमचा थोडा इकडे-तिकडे होईल.

ब्रेकबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. या सायकलींची रिम पोलादी असते. कोरडी असताना ब्रेक बरा लागतो, पावसात रबर नुसते घसरते. हे मला कोणी सांगितले नव्हते असे नाही. नोकरीच्या सुरुवातीला, 1994 च्या पावसाळ्यात, सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना मी ब्रेकच्या भरवशावर सायकल सोडली. रबर दोन वर्षांचे, लाकडासारखे कडक झालेले. तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तो लागलाच नाही. डोंगराच्या बाजूच्या चारीत सायकल घातली म्हणून आज हे लिहितो आहे. खांद्याजवळचे हाड मोडले, दीड महिना हात गळ्यात. बारा-पंधरा रुपयांच्या रबरांची आळशीपणाने केलेली बचत होती ती. रबर दरवर्षी मृगाच्या आधी बदला. पावसात उतार आला की ब्रेक आधीपासूनच हलका धरून ठेवा, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते. आणि घाट असेल तर उतरा, चालत न्या.

दुसरे उजेडाचे. निफाड, चांदवड, दिंडोरी या पट्ट्यात कांद्याचे ट्रॅक्टर लासलगाव, पिंपळगावच्या बाजारासाठी पहाटेच्या अंधारात निघतात. ड्रायव्हरची झोप झालेली नसते आणि ट्रॉलीला मागे दिवा असतोच असे नाही. काळी सायकल, काळे मडगार्ड, अंगावर घोंगडी, असा माणूस त्याला दिसणार कसा? मागच्या मडगार्डच्या खालच्या वीतभर भागाला पांढरा रंग द्या. त्यावर लाल चकाकी बसवा. पेडलना पिवळ्या चकाक्या लावा, त्या वर-खाली होतात म्हणून लांबून सायकल ओळखू येते. जुना डायनॅमो चालत असेल तर ठेवा, पण सायकल थांबली की तो विझतो. म्हणून मागे सेलचा लाल दिवा वेगळा हवाच. आमच्या लहानपणी दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस हवा सोडत. तेव्हा राग यायचा.

ओझे कॅरिअरवर उंच रचू नका. मुलीच्या दप्तरासाठी गोणपाटाची किंवा जुन्या ताडपत्रीची पडशी शिवा, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना सारखी लोंबणारी, घोड्यावर टाकतात तशी. वजन जितके खाली तितकी सायकल शांत चालते. पडशीची खालची टोके मागच्या आसाजवळ बांधून टाका, नाही तर एखादे टोक आऱ्यांत जाईल. साडी, ओढणी आणि सलवार यांसाठी चेनकव्हर पूर्ण हवे आणि मागच्या चाकावर जाळी हवी. ही जाळी तारेची घरीच विणता येते.

लोक मला विचारतात, वीस किलोच्या या धुडावर लांब जाता येते का? 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण पोलादी सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे सुमारे 71 हजार किलोमीटरचा फेरा पुरा करून 18 मार्च 1928 रोजी मुंबईला परत आले. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. त्यांच्या सायकली वेगळ्या, हलक्या, शर्यतीच्या. त्या मला परवडणार नाहीत आणि त्यांच्यावर गवताचा भारा बसणार नाही. नाशिकहून दरवर्षी आषाढीच्या सुमारास पंढरपूरला सायकलवारी जाते. त्या साडेतीनशे किलोमीटरच्या वाटेवर मीही एकदा या काळ्या सायकलीवर जायचे ठरवले आहे. पुढच्या वर्षी निवृत्ती आहे, रजेचा अर्ज लागणार नाही.

तोवर माझी सहल नाशिक, दिंडोरी, वणी, नांदुरी अशी असते. हिवाळ्यात पहाटे निघायचे, वणीला न्याहारी करायची, नांदुरीला ओळखीच्या हॉटेलात सायकल ठेवायची आणि गडावर एस.टी.ने जायचे. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. पडशीत पंप, दोन पाने, ठिगळ-सोल्यूशन, वाल्व्ह ट्यूबचा तुकडा, एक जादा कॉटर पिन, पाण्याची बाटली आणि दशम्या. एवढ्यात सगळे भागते.

या प्रवासात मी जे पाहतो ते जीपमधून दिसत नाही. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षण व भेट योजना आली तेव्हा ग्रामपातळीवरचा कृषी कर्मचारी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावाला जात असे, पुष्कळदा सायकलवरच. माझ्या आधीच्या पिढीतल्या कर्मचाऱ्यांना बांधावरून जाताना पिकाचा रंग कळायचा. सायकलचा वेग तेवढाच आहे. गेल्या डिसेंबरात वणीच्या अलीकडे एका कांद्याच्या वाफ्यात पातीची टोके वाळलेली आणि मधे जांभळट डाग दिसले. करपा नुकता उतरत होता. उतरून हाक मारली. मालक विहिरीवर होता, त्याला अजून पत्ता नव्हता. चहा झाला, फवारणीचे बोलणे झाले. मोटारीत असतो तर त्या वाफ्यावरून दहा सेकंदांत निघून गेलो असतो.

ताई, तुमच्या मुलीला एवढे लांब जायचे नाही. तिला पाच किलोमीटर जाऊन पाच किलोमीटर यायचे आहे. रोज, तीन-चार वर्षे. म्हणून शेवटची गोष्ट तिच्यासाठी. पेडलचा दांडा आसावर ज्या तिरक्या खिळीने बसतो तिला कॉटर पिन म्हणतात. या सायकलीत सर्वांत जास्त त्रास तीच देते. नवी कॉटर ठोकताना दांड्याखाली लाकडाचा ठोकळा टेकवून धरा, नाही तर हातोड्याचा मार छर्ऱ्यांना बसतो. आधी ठोकून बसवा, मग नट आवळा. नटाने कॉटर ओढून बसवायला गेलात तर आटे जातील. दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घाला, तरच दोन्ही दांडे एका रेषेत येतात. नवी कॉटर पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये थोडी बसते आणि सैल होते. तशीच चालवली तर ती चपटी होते आणि दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज येतो. म्हणून शाळेच्या पहिल्या आठवड्यानंतर, रविवारी, ती पुन्हा हलकेच ठोकून नट आवळा. आणि त्या वेळी मुलीला शेजारी बसवा, पाना तिच्याच हातात द्या.